ग्यानबा काकांची झेंडी

माझा गोल ग्यानबा काकांनी रद्द केला. त्याला आता दोन महिने होत आले, तरी कोणी विचारलं तर मला सलग सांगता येत नाही. बॉल जाळीत होता. माझे दोन्ही हात वर होते. मागून कोणीतरी पाठीवर चढलं होतं. आणि उजवीकडे, मैदानाच्या रेषेवर, काकांची झेंडी उभी होती. ती हलत नव्हती.

काका म्हणजे ग्यानबा पडघान. वय सहासष्ट. एसटीच्या डेपोत टायर फिटर होते, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते समोरच्या संघाचे नव्हते. आमचेच होते. आमच्या इंझोरीचे, आमच्याच फुटबॉल क्लबचे, आणि तेही क्लब निघाला त्या दिवसापासूनचे.

जानेवारी महिना. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचं मैदान. फायनल. समोर वाशीमचा संघ. शून्य-शून्य, चार मिनिटं बाकी. आम्ही एकोणीस वर्षांत कप जिंकला नव्हता. पंचांनी झेंडी पाहिली आणि शिट्टी मारली. ऑफसाइड. गोल नाही. नंतर पेनल्टी झाल्या आणि आम्ही हरलो.

आमच्याकडच्या स्पर्धांत मुख्य पंच तेवढा बाहेरून येतो. बाजूच्या रेषांवरचे दोन झेंडीवाले दोन क्लबांनी आपापले आणायचे असतात. हल्ला ज्यांचा, झेंडी त्यांच्याच माणसाची. म्हणजे आपला खेळाडू समोरच्या बचावाच्या पुढे गेला, तर ते आपल्याच माणसाने सांगायचं. पूर्वी उलट होतं. समोरचा माणूस दर दोन मिनिटांनी झेंडी वर करायचा आणि मारामाऱ्या व्हायच्या. त्यावर हा तोडगा निघाला. त्यात एक न बोललेली समजूत आहे. पहिल्या हाफमध्ये दोन-तीनदा झेंडी वर करायची, म्हणजे इमानदारी दिसते. शेवटी गरज पडली की बुटाची नाडी बांधायला वाकायचं, म्हणजे काही दिसलंच नाही. सगळे झेंडीवाले वाकतात.

काका वाकले नाहीत.

मी त्यांना नीट ओळखायला लागलो तीन वर्षांपूर्वी. एम.ए. करून गावात परतलो होतो. तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो आणि संध्याकाळी क्लबात खेळत होतो. एक दिवस काका नियमांचं पुस्तक घेऊन आले. ऑफसाइडचं कलम मोठ्याने वाच म्हणाले. वाचलं. पुन्हा वाच म्हणाले. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, नुसतं पुढे उभं राहणं गुन्हा आहे का? मी म्हणालो, नाही, तिथून बॉल खेळला तर गुन्हा. ते मान हलवत गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. त्यांना शंका आली होती. तेव्हापासून ते मला मास्तर म्हणतात आणि रोज येतात.

आधीच्या गोष्टी मला तुकड्या-तुकड्यांनी कळल्या. काही त्यांच्याकडून, काही दुर्गाबाईंकडून, म्हणजे काकूंकडून.

काका स्वतः कधी खेळले नाहीत. एकदा उतरले, पाय मुरगळला, झालं. पण क्लबची मॅच असली की कामावर दांडी. विशी-पंचविशीत ते हरल्यावर भांडायचे, जिंकल्यावरही भांडायचे. एका पंचाने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली, तेव्हा काका गुपचूप बाहेर गेले आणि त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढून आणले. तो माणूस सायकल हातात धरून मानोऱ्यापर्यंत, म्हणजे तालुक्याच्या गावापर्यंत, चालत गेला. भांडून घरी आलं की सपाटून भूक लागायची, असं काका सांगतात. रात्रीची झोप शांत.

पस्तिशीच्या सुमारास हे बंद झालं. का झालं ते त्यांनाही सांगता येत नाही. भांडावंसंच वाटेना. मॅचच्या आदल्या दिवसापासून जेवण जाईना. दुर्गाबाई भाकर वाढायच्या, ते ताटावरून उठायचे. मैदानावर कसेबसे पंधरा मिनिटं थांबायचे आणि मग चालायला लागायचे. रस्त्याने दोन-तीन किलोमीटर, कान मागे ठेवून. आपल्या लोकांची ओरड आणि त्यांच्या लोकांची ओरड वेगळी ऐकू येते, हे ते शपथेवर सांगायचे. एकदा मोठा कल्ला ऐकून धावत परत आले आणि समोर दिसेल त्या माणसाला मिठी मारली. मैदानात म्हैस शिरली होती.

"दहा वर्सं मी एक बी मॅच पुरी पाह्यली नाई," ते मला म्हणाले होते. "जिंकलो तरी रोडवर, हरलो तरी रोडवर."

झेंडी आली ती पंचेचाळिशीत. एका मॅचला आमचा झेंडीवाला आलाच नाही. काका रस्त्याकडे निघायच्या बेतात होते. त्यांना अडकवून ठेवायला म्हणून कोणीतरी झेंडी त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी ते शेवटपर्यंत मैदानावर राहिले. घरी येऊन जेवले. दुर्गाबाईंनी दुसऱ्या दिवशी ती झेंडी धुऊन इस्त्री केली, आणि पुढे प्रत्येक मॅचनंतर करत राहिल्या.

हे कसं झालं, ते मी एकदा विचारलं.

"झेंडी हाती असली की मले मॅच दिसत नाई," काका म्हणाले. "दोन पाय दिसते. एक आपला, एक त्याइचा. कोनता पुढं हाये, येवढंच पाहाचं. मंग जीव घाबरत नाई."

वीस वर्षं त्यांनी पाय पाहिले. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही कप जिंकला तेव्हाही रेषेवर तेच होते. तो गोल कसा झाला, हे त्यांना आजही सांगता येत नाही. मारणाऱ्याचा डावा पाय मागे होता, एवढं आठवतं.

मालेगावला शिट्टी वाजली तेव्हा आमची पोरं त्यांच्याकडे धावली. कोणी हात लावला नाही, पण चारी बाजूंनी उभे राहिले. नवीन नावाचा आमचा सचिव गावात कृषी केंद्र चालवतो. शिव्या देणारा माणूस नाही. तो म्हणाला, "काका, हे काय केलं तुमी?"

"पुढं होता," काका म्हणाले.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी खाली पाहत होतो.

मी पुढे होतो. मला माहीत होतं. बॉल निघाला तेव्हा वाशीमचा शेवटचा बॅक, म्हणजे बचाव करणारा, माझ्या मागे होता. त्याचा श्वास मला मागून ऐकू येत होता. तरी मी हात वर केले, आणि पोरं काकांभोवती जमली तेव्हाही मी काही बोललो नाही.

परतीच्या पिकअपमध्ये काका नव्हते. ते एसटीने गेले. अर्ध्या रस्त्यात सगळे एकदम बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उत्कर्षने मोबाइल काढला. उत्कर्ष आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पण गुडघा दुखावल्यामुळे या वर्षी बाहेर. त्याने गोलचा व्हिडिओ घेतला होता. बॉल निघायच्या क्षणी त्याने तो थांबवला. दहा-बारा डोकी त्यावर वाकली. माझा पाय हातभर पुढे होता.

काका बरोबर होते, असं कोणीतरी हळूच म्हणालं.

नवीनने चहाचा ग्लास खाली ठेवला. "बरोबर होते ना. पन त्याइले पाहाले कोनं सांगतलं होतं?"

उत्कर्षने मोबाइल खिशात घातला.

तीन दिवसांनी मी काकांच्या घरी गेलो. दुर्गाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काका उभे होते. बॉलमध्ये हवा भरायचा पंप त्यांनी उघडला होता. वॉशर काढत होते, तेल लावत होते, बसवत होते, पुन्हा काढत होते.

"तुले मालूम होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग ठीक."

"काय ठीक?" दुर्गाबाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले, हा मानूस बुड टेकून बसला नाई. त्या पंपाचा जीव घेऊन राह्यला."

मी माफी मागायला गेलो होतो. मागता आली नाही. आणि काकांना ती नकोच होती. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"झेंडी नेतीन का रे मास्तर?"

मी म्हणालो, क्लब नाही नेणार. माझा माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता. त्यांचाही बसला नाही.

"नेली तर मी काय करू? पयले रोडनं चालत जाओ. आता गुडघे तसे नाई. म्हंजे तिथंच उभं राहून पाहा लागीन." त्यांनी पंपाचा दांडा आत-बाहेर करून पाहिला. "पुरी मॅच."

मग म्हणालो तुम्ही घरीच थांबा. तर म्हणाले, ते अजून वाईट. घरी बसलं की मॅच संपतच नाही.

"तरनेपनी वाटे जिंकलो पाह्यजे," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मंग वाटे, हरू नये बापा. आता वाटते, शिट्टी वाजो न घरी जाओ. पन मॅच नसली त बुधवार-गुरुवार काय करावं ते समजत नाई."

दुर्गाबाईंनी ओंजळभर दाणे माझ्या हातात दिले. मी ते खात घरी आलो. काकांना झेंडी हवी होती, बाकी काही नको होतं. आणि ती जाणार होती ती माझ्या पायामुळे.

रविवारी सकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात क्लबची बैठक झाली. मी वाक्य घोकून गेलो होतो. वर्गावर जाण्यापूर्वी घोकतो तसं. विषय निघाल्याबरोबर मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी पुढे होतो, आणि मला ते मैदानावरच माहीत होतं.

"ते सगळ्याइनं पाह्यलं मास्तर," नवीन म्हणाला. "बसा."

दोघं-तिघं हसले. मी बसलो. तेच वाक्य मालेगावला पोरं काकांभोवती उभी होती तेव्हा बोललो असतो तर त्याला काही किंमत होती.

नवीन वाईट बोलला नाही. काकांनी क्लबसाठी किती केलं ते त्याने सांगितलं. वय झालं, उन्हात दीड-दोन तास उभं राहणं बरं नाही, म्हणाला. पुढच्या स्पर्धेपासून झेंडी उत्कर्षकडे. मग थांबला, आणि खरं काय ते बोलून टाकलं. समोरचे सगळे वाकतात, आपणच का ताठ उभं राहायचं? कोणाचं वाईट करायचं नाही, फक्त वेळेवर खाली वाकायचं.

काकांनी पिशवी आणली होती. त्यातून त्यांनी झेंडी काढली. बांबूची कांडी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, अर्धं लाल अर्धं पिवळं कापड, इस्त्री केलेलं. ती त्यांनी उत्कर्षच्या हातात दिली. एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि झेंडी कशी धरायची ते दाखवायला लागले. हात खाली. कापड मांडीला लागून. नजर त्यांच्या शेवटच्या बॅकवर.

"बॉलाकडं पाहू नको," ते म्हणाले. "बॉल कोनी बी पाहीन."

उत्कर्ष हो-हो म्हणत राहिला. नवीन आपली वही चाळत होता.

मार्चमध्ये वाशीमची स्पर्धा आली. काका येणार नाही म्हणाले होते. पहिली मॅच रविवारी, वाशीमच्याच संघाशी. शनिवारी दुपारी दुर्गाबाईंचा फोन आला. काकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वीस वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं होतं. मी म्हणालो, मी समजावतो.

"समजावू नको बाबा, घेऊन जाय," त्या म्हणाल्या. "घरी ठेवलं त मले बी खाऊ देनार नाई."

पिकअपमध्ये ते पुढे बसले, ड्रायव्हर आणि माझ्या मध्ये. चार वेळा वेळ विचारली. वाशीमच्या बसस्टँडजवळ मी त्यांना पोहे घेऊन दिले. ती पुडी त्यांनी हातात धरून ठेवली आणि मैदानावर आल्यावर कोणाला तरी देऊन टाकली.

दुपारचे चार. ऊन डोळ्यांवर येत होतं. काका रेषेवर, उत्कर्षपासून पाच-सहा पावलांवर उभे राहिले. खेळता खेळता मला ते दिसत होते. गळ्यातला दुपट्टा काढत होते, बांधत होते. बसत होते, उठत होते. एकदा फाटकापर्यंत गेले आणि गुडघा धरून परत आले. एका अनोळखी माणसाला किती मिनिटं झाली ते विचारलं. त्याने सांगितलं. तेच त्यांनी त्याच्या शेजारच्याला विचारलं.

आणि ते ओरडत होते. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आमच्या पोरांची नावं त्यांना धड येत नव्हती. वीस वर्षं त्यांनी चेहरे पाहिलेच नव्हते.

"अबे निळे बूट! पास दे! त्या फाटक्याले दे!"

फाटका म्हणजे आमचा लेफ्ट विंगर. त्याचा उजवा बूट पुढून उसवला होता. पोरं हसत होती, पण थोड्या वेळाने फाटका खरोखर त्यांच्या आवाजावर पळायला लागला. एक गोल आम्ही आधीच खाल्ला होता; त्याच्याच पासवर आम्ही बरोबरी केली. एक-एक.

दहा मिनिटं उरली. मागून लांब बॉल आला. मी धावत होतो, आणि धावता धावताच मला कळलं, मी पुढे आहे. या वेळी हातभर नाही, पुरता एक माणूस पुढे. समोर फक्त गोलकीपर.

मी रेषेकडे पाहिलं.

उत्कर्ष बुटाची नाडी बांधायला वाकला होता. त्याच्या मागे काका. त्यांचा उजवा हात सरळ वर गेला होता. रिकामा. तो हलत नव्हता. आणि त्याच हाताखाली त्यांचं तोंड सताड उघडं होतं.

"मार! मार बे प्रसेनजित!"

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी थांबलो. बॉल माझ्याजवळून गेला. मी पाय लावला नाही. गोलकीपरने तो उचलला आणि लांब मारला. माझ्या मागे आमचे सगळे ओरडत होते. उत्कर्ष नाडीवरून मान वर करून बघत होता, काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. काका मटकन खाली बसले होते, दोन्ही हात डोक्यावर.

मग ते उठले. उरलेला वेळ त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं.

मॅच एक-एक सुटली. साखळी फेरी होती, म्हणून पेनल्टी नव्हत्या. दोन्ही संघांना एकेक गुण. नवीन माझ्याशी बोलला नाही. मी बाजूला दगडावर बसलो. काका लंगडत आले.

"काहून थांबला बे?"

"तुमचा हात वर होता, काका."

त्यांनी हाताकडे पाहिलं. मूठ उघडली, मिटली.

"हाताले काय समजते? त्याले सवय हाये. तू तोंडाचं आयकाचं."

"मी पुढे होतो."

"होता. मले दिसलं ना." ते माझ्यासमोरून इकडे गेले, तिकडे गेले. "पन झेंडी माह्या हाती होती का? नाई ना? मंग?"

ते आता संतापलेले होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग एकदम विचारलं, वाशीमवाल्यांची दुसरी मॅच कधी आहे? ते जिंकले तर आपलं काय, हरले तर आपलं काय, बरोबरी झाली तर काय? मी बोटांवर मोजून सांगितलं. त्यांनी परत मोजायला लावलं. आपली पुढची मॅच शनिवारी होती. ती जिंकावीच लागणार होती.

"शनिवारी मी खिशाचा पॅन्ट घालून येतो," काका म्हणाले. "हात खिशात ठेवतो. पन तू थांबू नको. आयकलं का मास्तर?"

पिकअपचा हॉर्न वाजत होता. काका माझ्या उत्तरासाठी उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.